लाल कडीच्या पिशव्या

माझी उंची चार फूट एक इंच आहे आणि मी दहावीत आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मध्येच कोणी विचारायला नको. एसटीतला कंडक्टर मला बघून काही न विचारता अर्धं तिकीट द्यायचा. आता सगळ्याच बायांना अर्धं झालंय, तेवढाही माझा मान गेला.

गावाचं नाव लिहीत नाही. चुडाव्याच्या स्टेशनापासून तीन किलोमीटर, एवढं पुरे. नाव लिहिलं तर आमच्या मुख्याध्यापकांना, व्यंकटराव सरांना, वाईट वाटेल, आणि सर शेवटी बरे निघाले.

मी तेरा वर्षांची असताना माझ्या दोन्ही किडन्या बंद पडल्या. तेव्हापासून माझं रक्त पोटातून साफ होतं. आतड्याभोवती एक पातळ पडदा असतो. सगळ्यांनाच असतो, तुम्हालाही आहे, फक्त तुम्हाला त्याचं कधी काम पडलेलं नाही. माझ्या बेंबीच्या बाजूला एक नळी बसवलीय. नळीतून सव्वा लिटर साखरेचं औषधी पाणी पोटात सोडायचं आणि काही तास ठेवायचं. रक्तातली घाण आणि अंगातलं जादा पाणी पडद्यातून त्यात उतरतं. मग ते बाहेर काढायचं आणि नवी पिशवी लावायची. दिवसातून तीनदा, घरीच. हात कोपरापर्यंत धुवायचे, तोंडाला मास्क लावायचा, दार-खिडकी-पंखा बंद, आणि नळीचं तोंड उघडं असेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही.

दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, हे शिकायला लोकांना दहा-बारा दिवस लागतात. मला दोन लागले. आमच्या घरी सगळ्यांच्या गळ्यात इष्टलिंग असतं, चांदीच्या डबीत. मी आठ वर्षांची असल्यापासून रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करते. पूजा अव्वानं शिकवली. आईला आम्ही अव्वा म्हणतो, तिचं माहेर बिदरकडचं, नाव चन्नबसम्मा. हात धुतल्यावर कशाला शिवायचं नाही, हात हलू द्यायचा नाही, मध्येच कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. पाच वर्षं तिनं माझा हात हलला की कोपराला टिचकी मारली होती. नर्सच्या शिकवण्यात मला फक्त मास्क नवीन होता.

तर पिशव्या. त्या तीन प्रकारच्या असतात, तोंडाशी असलेल्या कडीच्या रंगावरून ओळखायच्या. पिवळ्या कडीच्या पिशवीत साखर कमी, हिरवीत मध्यम, लालमध्ये सगळ्यात कडक. साखर जितकी कडक, तितकं ती अंगातलं पाणी जास्त ओढणार. लाल कडीची फक्त अंगावर सूज आली तरच लावायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मला लघवी होत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून पाणी मोजून प्यायचं. त्यासाठी अव्वानं स्वतःचा नियम काढला होता. वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, किराणा दुकान आहे, तिथला आकड्याला अडकवून तोलायचा जुना काटा तिनं घरी आणून टांगला. पोटातून निघालेली पिशवी त्याला लावायची. सव्वा घातलं आणि दीड निघालं तर मधलं पाव लिटर माझं. एका तांब्याला तिनं खिळ्यानं रेघा मारल्या होत्या, त्या रेघेपर्यंत पाणी भरून ती माझ्या हातात द्यायची. लिहिता-वाचता येत नसलं तरी काट्यावरचं तिला बरोबर समजतं. नियम वाईट नव्हता. डॉक्टरांनीही तो ऐकून मान हलवली होती.

पण तुम्ही आमच्याकडचा एप्रिल पाहिलाय का? शाळेतून येईपर्यंत जीभ टाळूला चिकटते. गल्लीत नळाला पोरं तोंड लावून पाणी पितात, अर्धं सांडतात, आणि मी बघत जाते. मागच्या वर्षी अशाच एका दिवशी पायावर सूज होती म्हणून मी शाळेतून आल्यावर साडेचार वाजताची पिशवी लाल लावली. निघालं जवळजवळ दोन किलो. अव्वा काट्याकडं बघतच राहिली. मग तिनं तांब्या जवळजवळ काठापर्यंत भरला आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिला वाटलं, पोरगी बरी व्हायलीय.

ते पाणी मी कसं प्यायले हे मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी सूज नव्हती. मी तरी लालच लावली. तिसऱ्या दिवशीही. वहीत रंग लिहावा लागतो, तिथं मी पिवळी लिहिलं. महिन्याच्या खोक्यांसाठी फोन मीच करायचे, मग लालची खोकी वाढवून मागितली. अव्वानं एकदा विचारलं की लाल कड्या एवढ्या कशा पडायल्यात, तर तिला सांगितलं, कंपनीनं कडी बदलली. तिनं विश्वास ठेवला. असं सव्वा वर्ष चाललं.

या जुलैत गंमत उलटी फिरली. लाल लावूनही दीडच निघायला लागलं, मग त्याहून कमी. डोळ्यांखाली पिशव्या आल्या, चपलेचे पट्टे पायात रुतायला लागले. तेव्हा आप्पा, अव्वा आणि मी परभणीहून गाडी बदलून संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं मुलांच्या किडनीच्या डॉक्टर आहेत, सत्यशीला मॅडम. त्यांनी पडद्याची परीक्षा घेतली. पोटात पाणी सोडलं, मग सुरुवातीला, दोन तासांनी आणि चार तासांनी त्यातलं थोडं-थोडं काढलं, मध्ये रक्तही घेतलं, आणि दोन्हींची तुलना केली.

आकडा आला शून्य दशांश शहाऐंशी. मॅडम म्हणाल्या, रक्तातली जितकी घाण तिच्या शहाऐंशी टक्क्यांएवढी चार तासांत पाण्यात उतरते. मला वाटलं, डिस्टिंक्शन. मी आप्पांकडं बघून हसलेसुद्धा. मॅडम हसल्या नाहीत.

त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि रस्सीखेच काढली. साखर म्हणजे एका बाजूचा संघ, पाणी आपल्याकडं ओढतोय. पडदा म्हणजे मधली रेघ. कडक साखर वर्षानुवर्षं पडद्याला लागली की पडदा भाजतो. मग तिथल्या पेशी दुरुस्तीसाठी निरोप सोडतात, इथं बांधा, तिथं वाढवा, नव्या रक्तवाहिन्या काढा. त्या निरोपांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात, वाढ करायला लावणारे. वाहिन्या वाढल्या की पडदा उतावळा होतो. घाणही लवकर उतरते, पण साखरही तासा-दोन तासात रक्तात पळून जाते. संघच पलीकडं पळाला तर रस्सी कोण ओढणार? पाणी जागचं हलत नाही, उलट परत अंगात शिरतं. आणि निरोप थांबलेच नाहीत तर पडदा जाड होऊन कामातूनच जातो.

मी मनात म्हटलं, वा. दोन वर्षांत माझी उंची बोटभरसुद्धा वाढली नाही, आणि वाढायला सांगणारे सगळे निरोप पोटात जाऊन बसलेत.

मॅडमनी वही पुन्हा चाळली. म्हणाल्या, "वही तर चांगली आहे. सगळ्या पिवळ्या आणि हिरव्या. एवढ्यावर दोन वर्षांत पडदा असा व्हायला नको." मग पोटात जंतुसंसर्ग किती वेळा झाला ते विचारलं. एकदाच झाला होता, मागच्या श्रावणात, पाणी गढूळ आलं होतं.

आप्पांना जणू उत्तर सापडलं. ते अव्वाकडं न बघता म्हणाले, "हिची इभूत, मॅडम. घरात दिसल त्याला इभूत लावती. पोरीच्या पिशवीलाबी लावत आसल."

अव्वानं आपले हात उलटे-सुलटे करून बघितले. तिनं पिशवीला कधी विभूती लावलेली नाही. पिशव्यांच्या कपाटाच्या दाराला लावते, तेही बाहेरून.

मग आप्पांनी ठरवूनच टाकलं. पोटाचं हे बंद करू, नांदेडला काका आहेत, तिथं राहून आठवड्याला तीन दिवस मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं. शाळेचं पुढं बघू. दहावी काय, पुढच्या वर्षीबी येती, असं ते म्हणाले.

हे सगळं ते माझ्या डोक्यावरून मॅडमशी बोलत होते. डोक्यावरून बोलणं माझ्या बाबतीत सोपंच आहे. मी खुर्चीवरून उतरले आणि टेबलाजवळ गेले.

"वही खोटी हाय, मॅडम. साडेचारची पिशवी सव्वा वर्षापासून रोज लाल लावलीय. पाणी प्यायला मिळावं म्हणून. अव्वाला म्हाईत न्हाई, तिला मी खोटं सांगितलं."

मी रडले नाही. रडले असते तर सगळ्यांनी मला जवळ घेतलं असतं आणि नांदेडला पाठवलं असतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या ओरडल्या नाहीत, त्यानं जास्त भीती वाटली. त्यांनी विचारलं की मी दिवसभर काय-काय खाते. मी सांगितलं, भाकरी, ठेचा, दुपारी आप्पांच्या बरणीतले खारे दाणे. त्या म्हणाल्या, "तुझी तहान उन्हाची कमी आणि मिठाची जास्त आहे. तू मीठ खात होतीस, साखरेनं पाणी ओढत होतीस, पुन्हा मीठ खात होतीस."

म्हणजे ठेचाही बंद. ते कळल्यावर मात्र मला खरंच रडू आलं असतं.

पण मी मुद्दा सोडला नाही. पडदा कडक साखरेनं बिघडला असेल तर ती बंद केल्यावर सुधरेल का, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, पूर्ण नाही, पण जंतूनं बिघडला असता त्यापेक्षा आशा जास्त. मग कसं करायचं ते विचारलं. त्या म्हणाल्या, लाल पूर्ण बंद. पाणी पोटात जास्त वेळ ठेवायचं नाही, साखर पळायच्या आत काढून घ्यायचं. म्हणजे दिवसा तीनऐवजी चार पिशव्या आणि रात्रभर पोट रिकामं, पडद्याला सुट्टी. एक पिशवी दुपारी एक वाजता यायला हवी.

"एक वाजता ती शाळेत राहती," आप्पा म्हणाले.

"मग शाळेतच लावीन," मी म्हणाले.

मॅडमनी तीन महिने दिले. ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा परीक्षा. आकडा तिथंच राहिला किंवा चढला तर नांदेड, आणि तेव्हा मी एक शब्द बोलायचा नाही. मी कबूल केलं. हात पुढं केला तर त्यांनी खरंच हातात हात दिला.

परत येताना परभणीला गाडी बदलायला उतरलो तेव्हा आप्पांनी चहा आणला, एकच कप, आणि तो अव्वाच्या हातात दिला. स्वतःला घेतला नाही. त्यांच्या भाषेत ही माफी समजायची. अव्वानं तो सगळा प्याला, मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मला वाचता येईना म्हणून फसवलीस. आता मला वाचायला शिकव."

दुसऱ्या दिवसापासून मी तिला पिशवीवरचे साखरेचे आकडे शिकवले. पिवळीचा दीड, हिरवीचा अडीच, लालचा सव्वाचार. इंग्रजीतले आकडे तिला चार दिवसांत यायला लागले. पिशव्यांच्या कपाटाला तिनं कुलूप लावलं, किल्ली कमरेला. लालची खोकी तिनं आप्पांकडून माळ्यावर टाकून घेतली, आणि शिडी शेजाऱ्यांकडं नेऊन ठेवली. म्हणाली, चार फूट एक इंचाला शिडीशिवाय माळा गावत न्हाई.

राहिली शाळा.

व्यंकटराव सरांनी पहिल्यांदा सरळ नाही म्हटलं. शाळा आहे, दवाखाना नाही. काही बरं-वाईट झालं तर जबाबदारी कोणाची? शिवाय पोरं बघणार, हसणार. त्यापेक्षा घरी बस, हजेरी मी लावतो, थेट परीक्षेला ये. सर प्रेमानंच बोलत होते, म्हणून जास्त राग आला. मी म्हटलं, सर, हजेरी खोटी लावू नका, खोट्या वहीचं काय होतं ते मी बघून आलेय. सर चमकले. मला वर्गात पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मी अव्वाला घेऊन गेले. अव्वा माझ्या शाळेत कधीच आली नव्हती. कपाळभर विभूती, डोक्यावर पदर, काखेत पिशवी. सर खुर्ची देत होते तरी उभीच राहिली. तिनं टेबलावर पिशवी ठेवली, आकड्यावर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं, "दीड." मग म्हणाली, "सर, तुमी जिम्मेदारी घेऊ नका. ती हिनं घेतलीय. तुमी फकस्त दार लावायची परवानगी द्या."

"कुठलं दार, बाई? शाळेत एक खोली रिकामी हाय का?" सर म्हणाले.

मला ठाऊक होतं. एक होती. प्रयोगशाळा. मी पाचवीत आल्यापासून तिला कुलूप होतं. विज्ञानाचे प्रयोग आम्ही पुस्तकातल्या चित्रावर करतो. मी फक्त खिडकीतून तिच्याकडं बोट दाखवलं. सरांनी अव्वाच्या पिशवीकडं पाहिलं, मग शिपायाला किल्ली शोधायला सांगितली. कुलूप उघडेना, शेवटी तोडलं.

आत एक काचेची बरणी, त्यात पांढरा पडलेला बेडूक, दोन लोखंडी उभे स्टँड आणि पारव्यांची घाण. माझी मैत्रीण भक्ती आणि मी दोन रविवार घासत होतो. भक्ती सहा इंचांनी उंच आहे आणि हे ती विसरू देत नाही; वरची जळमटं तिची, खालची फरशी माझी. फिनेल टाकलं, खिडक्यांना आप्पांनी जाळी मारून दिली, एका टेबलावर धुतलेलं रेक्झिन अंथरलं. पिशवी टांगायला स्टँड आयताच होता. बेडूक आम्ही ठेवला.

मग रोज एकचा टोल पडला की भक्ती शालीत गुंडाळलेली कोमट पिशवी घेऊन यायची आणि बाहेर दारात बसून स्वतःचा डबा खायची. मी आत. पंखा बंद, घामाच्या धारा, बाहेर पोरांचा गोंधळ. पहिल्या आठवड्यात काहींनी दारावर थापा मारल्या. भक्तीनं एकाची डब्यातली पोळी खाऊन टाकली, मग थापा थांबल्या.

सप्टेंबरात एकदा तपासणीला साहेब आले. सरांना आता दाखवायला प्रयोगशाळा होती, ते साहेबांना घेऊन निघाले आणि वेळ बघायला विसरले. एक वाजून दहा मिनिटं. मी नुकतंच नळीचं बूच काढलेलं. बाहेर सरांचा आवाज, भक्तीचा आवाज, मग दारावर टकटक.

"त्रिवेणी, दार उघड. साहेब आलेत."

मी ओ दिली नाही. नळी डाव्या हातात होती, उजव्या हातात पिशवीचं टोक. पुन्हा टकटक झाली, मोठ्यानं. माझा हात हलला नाही. कोपराला टिचकी बसल्याची आठवण झाली, तेवढंच. टोक बसवलं, फिरवलं, घट्ट झाल्याची खात्री केली. मग मास्कमधूनच सांगितलं, "पंचवीस मिनिटं लागतील, सर. साहेबांना खुर्ची द्या."

बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

दार उघडलं तेव्हा साहेब खरंच बसले होते आणि सरांच्या शर्टाची पाठ घामानं चिकटली होती. साहेबांनी विचारलं, आत काय करत होतीस? मी म्हटलं, प्रयोग. आणि त्यांना सगळं सांगितलं. पडदा, साखर, रस्सीखेच, उतावळ्या रक्तवाहिन्या. फळ्यावर काढूनही दाखवलं. साहेबांनी पिशवीला हात लावायला बोट पुढं केलं, तर सरच म्हणाले, "हात न्हाई लावायचा, साहेब. धुतल्याबिगर न्हाई."

तीन महिने मी ठेचा खाल्ला नाही. हे वाक्य लिहायला सोपं आहे. पहिले पंधरा दिवस अळणी भाकरी घशाखाली ढकलावी लागली, अव्वाही माझ्यासोबत तीच खायची, आप्पा दुकानात जाऊन चोरून लोणचं खायचे आणि हाताला वास घेऊन यायचे. पण मॅडम खरं बोलल्या होत्या. तहान अर्ध्यावर आली. तांब्यातलं पाणी मला संध्याकाळी उरायला लागलं.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही तिघं पुन्हा गेलो. या वेळी वही अव्वानं लिहिली होती, तिच्या वाकड्या आकड्यांत, एक पान सोडून एका पानावर विभूतीचा डाग. चार तास पोटात पाणी घेऊन मी बाकावर बसले. भूगोल उघडला होता, पण एक ओळ वाचली असेल तर शपथ.

मॅडम कागद घेऊन आल्या. शून्य दशांश ऐंशी.

त्या म्हणाल्या, पडदा अजून उतावळाच आहे, पण पळायचा थांबलाय. पुढची परीक्षा कधी ठेवू? आप्पांनी खिशातून बोर्डाचं वेळापत्रक काढून त्यांच्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "हिचा शेवटचा पेपर झाल्यावर ठेवा."

दुसऱ्या दिवशी एक वाजता पिशवी लावून झाल्यावर मी प्रयोगशाळेच्या फळ्यावर दोन आकडे लिहिले, एकाखाली एक. ०.८६. ०.८०. वरचा वजा खालचा, खाली रेघ. व्यंकटराव सर दारातून बघत होते. त्यांनी विचारलं, नववीचा प्रयोग घ्यायचाय, फळा पुसू का?

मी म्हटलं, "अर्धा पुसा, सर. हा भाग माझी दहावी होईपर्यंत राहू द्या."

सरांनी डस्टर घेतलं आणि फळ्याच्या मधोमध खडूनं एक उभी रेघ मारली.